अठरा बाय चोवीस

दांडिया बाजारात आमचं दुकान, शिर्के फ्रेम वर्क्स.
देव, पदव्या, मयत माणसं,
आणि ते चित्र.

ते म्हणजे तेच.
निळा डोंगर, मागून केशरी उजेड,
खाली नदी, नदीत त्याच उजेडाचा तुकडा.
शाळेत होतं, पतपेढीत होतं,
दवाखान्यात बाकाच्या वर होतं,
डोकी टेकून टेकून काचेवर तेलाचा ढग झालेला.
खाली मधोमध छापलेलं : आपला देश.
कुणी काढलं, ठाऊक नाही.
सही असायची, पण ती कापण्यात जायची.

कागद यायचा सव्वीस इंच लांब,
चौकट चोवीसची.
बाबांनी शिकवलं : डावीकडे डोंगर आहे, त्याला हात लावायचा नाही,
उजवीकडचे दोन इंच उडव.
उडवले.
धार सरळ गेली का, तेवढंच बघायचो.

शर्मिष्ठा वसावा आली ती चादरीत गुंडाळलेली
पाच चित्रं घेऊन. फाइन आर्ट्सची मुलगी,
कोपरापर्यंत रंग.
एकात डोंगराला खाणीच्या पायऱ्या.
एकात नुसतं पाणी, वरच्या कडेपर्यंत,
आणि बुडाशी सूर्य, विसरलेल्या ताटलीसारखा.
एक तर खरवडूनच काढलेलं, कापडाचे धागे दिसत होते.
म्हटलं, हे काय गं?
म्हणाली, तेच चित्र, काका.

मग मापं घेता घेता विचारलं तिनं,
काचेची जाडी विचारावी तसं :
उजवीकडे चार घरं होती ना?
शुक्रवारी बाजारात रद्दीत तिला
न कापलेला एक कागद दिसला होता,
पैसे घेऊन परत गेली तोवर विकला गेला.
चार घरं, धूर, बांधलेली होडी.
आजीचं गावही नदीच्या उजव्याच अंगाला होतं, म्हणाली,
आता तिथे धरणाचं पाणी.
तुम्ही कापलीत का?

मी म्हटलं, माप तसं होतं.

हिशेब केला नाही.
मग रात्री केला. महिन्याला वीस धरली,
चाळीस वर्षं, गुणिले चार घरं —
तिथे दिवा घालवला.

त्या पट्ट्या कुठे गेल्या?
खळ लावायला. काच पुसायला.
पोरांच्या होड्यांना.
एक मात्र कटाईच्या टेबलाखाली होती,
डाव्या पायाखाली, आठ घड्या घालून,
कधी ठेवली आठवत नाही.
टेबल उचलायला समोरच्या चहावाल्याला बोलावलं.

उलगडली.
घड्यांवर फाटलेली, लाकडाचा वळ उमटलेला,
पण रंग!
भिंतीवर उन्हात लटकून ते निळे डोंगर
सगळे राखाडी झालेत गावभर,
आणि हा धूर अजून ओला.
चार घरं. होडी. तिच्यात वाकलेलं कुणीतरी,
दोरी सोडतंय की बांधतंय, कळेना.
खाली सही, तीसुद्धा घडीत गेलेली,
एक काना तेवढा उरला.

शर्मिष्ठा बोलली नाही. खिशातून पेन्सिल काढली,
परत ठेवली.
मग म्हणाली, याला फ्रेम करा.
दोन बाय अठरा? एवढ्या मापाला
नुसतं लाकूडच दिसेल, बाई.
चालशे, काका.

प्रदर्शनाला गेलो. धुतलेला सदरा घालून.
तिनं ती पट्टी एकटीच टांगलेली,
डावीकडे भिंत मोकळी, मोजून चोवीस इंच.
माझ्या नजरेला टेप लागत नाही.
लोक त्या मोकळ्या भिंतीसमोरच उभे राहत होते,
एकानं तर डोकं टेकलं.

टेबल तेव्हापासून हलतं.
गिऱ्हाइकं सांगतात, शिर्के, पायाखाली काहीतरी घाला.
घालीन म्हणतो.
कापायच्या आधी एक हात त्यावर दाबून धरावा लागतो,
तेवढ्यात उजवीकडे बघून होतं.